मोसंबीच्या सालीतला रेणू

पैठण तालुक्यातल्या बागेतली मोसंबी सोलताना सालीतून जे तेल उडतं, त्यात सर्वांत मोठा वाटा लिमोनिनचा. त्याच्या रेणूत 10 कार्बन आणि 16 हायड्रोजन. एवढ्यावरून रचना ठरत नाही, पण शोधाची दिशा मिळते. दहा कार्बनांच्या संपृक्त साखळीत 22 हायड्रोजन मावतात. इथे 6 कमी, म्हणजे 3 जोड्या. प्रत्येक जोडीमागे एक दुहेरी बंध किंवा एक वलय धरा. तिहेरी बंधाला 2 जोड्या लागतात. लिमोनिनमध्ये 1 वलय, 2 दुहेरी बंध. टर्पेंटाइनमधल्या पाइनिनचं सूत्र हेच, पण त्यात 2 वलयं आणि 1 दुहेरी बंध. हे झाले संरचना समघटक.

विद्यार्थीमित्रहो, मोजणी इथेच थांबवू नका. चार वेगवेगळे गट जोडलेला कार्बन आहे का, तेही पाहा. लिमोनिनमध्ये असा एक आहे, म्हणून त्याची रूपं दोन, डाव्या-उजव्या हातांसारखी. मोसंबीतलं रूप संत्र्यासारखं दरवळतं, दुसऱ्याचा वास टर्पेंटाइनकडे झुकतो. अणू तेच, बंध तेच, तरी वास निराळा! मला ही रसायनशास्त्रातली फार विलक्षण गोष्ट वाटते. वास ओळखणारी आपल्या नाकातली प्रथिनंही अशीच एकाच हाताच्या घडणीची असतात, म्हणून हा फरक त्यांना कळतो.