आहे की नाही?

(मंडळाच्या गप्पांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय डेटाबेसचा आहे म्हटल्यावर दोन-तीन काकूंनी चहाच्या टेबलाकडे पाहिलं, ते मी बघितलंय! घाबरू नका. पंधरा मिनिटांत सोडतो.

माझं ऑफिसातलं काम अगदी साधं आहे. कोट्यवधी नोंदींमध्ये 'ही नोंद आधीपासून आहे का?' हे झटपट शोधायचं. आता शेजारच्या वहिनींनी "साखर आहे का हो?" असं विचारलं, तर आपण डबा उघडतो, साखर दिसली की "आहे" म्हणतो. दाणे मोजत बसत नाही. पण नवशिके प्रोग्रामर नेमकं तेच करतात. आधी 'अशा नोंदी किती?' ते मोजायला लावतात आणि मग आकडा शून्यापेक्षा मोठा आहे का ते बघतात. मीसुद्धा सुरुवातीला हेच केलंय. 'किती?' विचारलं की कॉम्प्युटरला शेवटपर्यंत जावं लागतं. 'आहे का?' विचारलं की पहिली नोंद सापडताच तो थांबतो.

पण मंडळी, नोंद नसेलच तर? तर सगळा ढीग उपसल्याशिवाय 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून ढीग आधीच लावून ठेवायचा. ही युक्ती आपल्याला नवी नाही. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलात की तीर्थोपाध्याय आधी विचारतात, आडनाव काय आणि मूळ गाव कोणतं? मग बाडांच्या ढिगातून नेमकी वही काढतात आणि पणजोबांची नोंद समोर ठेवतात. सगळ्या वह्या चाळत नाहीत.

कॉम्प्युटरमध्ये यालाच इंडेक्स म्हणतात. आजही सर्रास वापरली जाणारी त्याची रचना म्हणजे 'बी-ट्री'. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट या दोघांनी बोइंग कंपनीत असताना ती शोधली, १९७२ साली त्यांचा निबंध छापून आला. हे बायर जर्मन, पुढे इथेच म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक होते. कल्पना अशी की, प्रत्येक पान पुढच्या पानांचा पत्ता सांगतं. एका पानावर ५०० पत्ते धरले, तर तीन पानं उलटून साडेबारा कोटी नोंदींपैकी हवी ती गाठता येते. आणि नसेल तर 'नाही' हेही तीन पानांतच कळतं.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे नावात!

आमच्या सौ.चं पासपोर्टवरचं आडनाव माहेरचं, वैद्य. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात फोनवर तिची नोंद झाली. तिकडच्या बाईंनी ऐकलं बरोबर, पण लिहिलं जर्मन कानांनी. 'व'साठी डब्ल्यू, 'य'साठी जे. पुढे पासपोर्टवरच्या स्पेलिंगने शोधलं तर उत्तर आलं, "अशी कोणीच नाही." मग नवी नोंद झाली. एका बाईच्या दोन बायका झाल्या आणि बिलंही दोन यायला लागली. निस्तरायला चार महिने गेले. इथल्या जोशी मंडळींना वेगळं सांगायला नको, त्यांना रोज कोणीतरी 'योशी' म्हणतच असतं.

या दुखण्यावर १९६९ साली हान्स योआखिम पोस्टेल यांनी 'कोल्नर फोनेटिक' नावाची पद्धत मांडली. अक्षरांऐवजी उच्चाराला आकडे द्यायचे. व्ही आणि डब्ल्यू दोघांना ३, डीला २. स्वरांना शून्य, वाय आणि जे यांनाही शून्य, आणि पहिलं अक्षर सोडून बाकीची शून्यं गाळायची. आमच्या 'वैद्य'चं कोणतंही स्पेलिंग घ्या, उत्तर ३२ च! हा आकडा इंडेक्समध्ये ठेवला की आधी सारखे वाटणारे चारदोन जण पटकन मिळतात, मग जन्मतारखेवरून नेमकी व्यक्ती ठरवायची.

आमचं नुकसान चार महिन्यांच्या मनस्तापाचं. पण हाच प्रश्न किती मोठा असू शकतो, ते कासेलजवळच्या बाड आरोल्सनला कळतं. नाझींच्या छळछावण्यांत आणि वेठबिगारीत सापडलेल्या, युद्धात हरवलेल्या माणसांचा शोध १९४६ पासून तिथे घेतला जातो. आज त्या संस्थेला आरोल्सन आर्काइव्ह्ज म्हणतात. तिथल्या नावांच्या सूचीत सुमारे ५ कोटी कार्डं आहेत, पावणेदोन कोटी माणसांची. एकच नाव पोलिश, रशियन, जर्मन कारकुनांनी वेगवेगळं लिहिलेलं. म्हणून ती कार्डं नुसत्या स्पेलिंगने नाही, उच्चाराच्या क्रमाने लावलेली होती, तीही कॉम्प्युटर येण्याआधी, हातांनी. कारण तिथे विचारणारी कोणाची तरी बहीण असायची, कोणाचा तरी मुलगा. स्पेलिंगच्या एका अक्षरापायी तिला 'नाही' सांगणं म्हणजे तिचा भाऊ दुसऱ्यांदा हरवणं.

तेव्हापासून मी ऑफिसातल्या पोरांना एक सांगतो. 'आहे' हे उत्तर लवकर द्या, पण 'नाही' हे उत्तर जपून द्या. 'सापडलं नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे.

आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. इथे कुठेही नाव सांगताना एकेक अक्षर सुटं करून सांगा, आणि कागद हातात आला की तिथल्या तिथे वाचून बघा. मुलांनाही ही सवय लावा.

चला, चहा निवतोय. तो 'आहे' हे मला इथूनच दिसतंय!

दिवाळीच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!