बॅटरीच्या पेचकसाने भोक कसं पाडावं

आज मी बियाण्यावर बोलणार नाही, खतावर बोलणार नाही आणि फवारणीवरही नाही. आजचा विषय आहे भोक पाडण्याचा. ऐकून हसू येईल, पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडपट्टीत कोठ्याचं दार, बंडीची फळी, मांडवाचा बांबू, पेटीची बिजागरी असं काही ना काही वर्षभर निघतंच. आणि दर वेळी आपण काय करतो? खिळा घेतो आणि ठोकतो.

मीही ठोकला होता. सुतारकाम शिकवण्यात माझी उमर गेली, तरी सांगतो. मूल तालुक्यात जंगलाच्या कडेला आमच्या पाहुण्यांचं गाव आहे. त्यांच्या बकऱ्यांच्या कोठ्याचं दार मीच बसवून दिलं. फळी जुन्या सागाची, एप्रिलच्या उन्हात खडखडीत वाळलेली. कडी-कोयंडा बाजारातून चांगला जाड पाहून आणला. कोयंड्याला दोन इंची चार खिळे मारले. तिसऱ्या खिळ्याला फळीत केसाएवढी चीर गेली. मी ती पाहिली आणि "चालते" म्हणालो. जेवणाची वेळ झाली होती.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. पुढच्या उन्हाळ्यात एका रात्री बिबट आला. त्याने दार ओढलं की ढकललं कोण जाणे, सकाळी कोयंडा चारही खिळ्यांसकट कडीला लोंबत होता. तीन बकऱ्या गेल्या, त्यातली एक गाभण. घरची बाई मला म्हणाली, "मास्तर, कडी तं पक्की होती ना? मंग कशी निंगाली?" काय सांगणार? कडी पक्कीच होती, फळी चिरली होती.

आता हे असं का होतं ते थोडं समजून घ्या. खिळा लाकूड काढत नाही, तो लाकडाचे तंतू बाजूला रेटून जागा करतो. ओल्या किंवा मऊ लाकडात ते तंतू सरकतात. वाळलेल्या सागात, ऐनात, बिजात ते सरकत नाहीत, फाटतात. वरून आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जाणारा. फळी उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, पुन्हा आकसते, आणि चिरेतला खिळा दर वर्षी थोडा थोडा ढिला होतो. भोक पाडलं तर तेवढं लाकूड भुशाच्या रूपाने बाहेर येतं, बाकीच्या फळीवर ताण येत नाही. मग स्क्रू बसवा की नट-बोल्ट, तो टिकतो.

जुन्या सुताराकडे यासाठी कमानीचा सामता असे, गिरमिट असे. आता बहुतेक गावांत सुतारच उरला नाही. विजेवरचं ड्रिल मशीन कुणाकडे असलं तर वीज नसते, आणि कोठा घरापासून दूर असला तर वायर पुरत नाही. पण एक वस्तू मात्र अलीकडे पुष्कळ घरांत दिसते. बॅटरीवर चालणारा छोटा पेचकस. पोरगा शहरातून आणतो, फवारणीचा पंप किंवा मोटरची पेटी उघडायला वापरतो, आणि मग तो खुंटीला टांगलेला राहतो. त्याच पेचकसाने भोक पाडता येतं. त्यासाठी एक छोटा जोड लागतो. दुकानात त्याला बिनचावीच्या चकचा अडॅप्टर म्हणतात.

पेचकसाचं तोंड पाहा. त्यात सहा पैलूंचं छिद्र असतं, पाव इंचाचं, म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत दोन सुती. ड्रिलच्या बिटाची दांडी असते गोल आणि दर मापाची वेगळी. ती त्या तोंडात बसत नाही. अडॅप्टरला मागे सहा पैलूंची दांडी असते, ती पेचकसात जाते, आणि पुढे तीन जबड्यांचा चक असतो, तो गोल बिट पकडतो. मोठ्या मशीनच्या चकला चावी लागते, याला लागत नाही. एका हाताने मागचं कडं धरायचं, दुसऱ्या हाताने पुढचं कडं पिळायचं, झालं. काही लोक पुढचं कडं मुठीत धरून बटण दाबतात आणि मशीनकडूनच चक आवळून घेतात. तसं करू नका. बिटाची धार तळहातावरून फिरायला क्षण लागत नाही.

विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्या. पेचकसाच्या तोंडाला मागे-पुढे सरकणारं कडं असेल, तर अडॅप्टरच्या दांडीला भोवताली खाच असलेला घ्यावा, म्हणजे तो अडकून राहतो. तोंडात नुसतं लोहचुंबक असेल तर कुठलाही बसेल, पण त्याचा एक त्रास आहे, तो पुढे सांगतो. दुसरं म्हणजे अडॅप्टर आखूड घ्यावा. लांब असला की बिटाचं टोक थरथरतं.

बिट बसवल्यावर लाकडाला लावायच्या आधी हवेत फिरवून टोकाकडे नजर ठेवा. टोक एका जागी फिरलं पाहिजे. गोल चक्कर मारत असेल, तर बिट तीन जबड्यांच्या मधोमध न बसता दोघांच्या फटीत अडकला आहे. बारीक बिटाचं असं हमखास होतं. सोडा आणि पुन्हा बसवा. तरीही चक्कर मारत असेल तर बिट काढून काचेवर लोळवा, वाकडा असेल तर तिथेच कळेल.

आता या पेचकसाची ताकद किती ते नीट ध्यानात घ्या. छोटा पेचकस मिनिटाला साधारण दोनशे फेरे घेतो. विजेचं ड्रिल मशीन अडीच-तीन हजार घेतं. म्हणून याच्याकडून घाईचं काम होत नाही. एक इंची सागाच्या फळीत ३ मिलिमीटरचं भोक तो आरामात पाडेल, ५-६ मिलिमीटरचं दमाने पाडेल. त्यापुढे जाऊ नये. मोटर गरम होते, बॅटरी उतरते आणि भोकही धड होत नाही. बंडीच्या धुऱ्याला अर्ध्या इंचाचं भोक पाहिजे असेल तर गिरमिट शोधा, किंवा तालुक्याला जा. सिमेंटच्या भिंतीवर तर हा लावूच नका. तिथे फिरण्याबरोबर मागून ठोकाही लागतो, तो याच्यात नाही. आणि एक जरा मोठं, टकटक आवाज करत स्क्रू पिळणारं मशीन येतं, त्याच्यावरही हा अडॅप्टर लावू नये. त्या धक्क्यांनी बिनचावीचा चक ढिला होतो. त्याला सहा पैलूंच्या दांडीचेच बिट घ्यावे.

मग कोयंडा कसा बसवायचा? मी नंतर जसा बसवला तसा सांगतो.

खिळे नाहीत, स्क्रूही नाहीत. जंगलालगतच्या कोठ्याला नट-बोल्टच पाहिजे, कारण स्क्रू एका बाजूने लाकडाला धरतो आणि बोल्ट फळीच्या आरपार जातो. ६ मिलिमीटरचे चार बोल्ट आणले. कोयंडा फळीवर ठेवून त्याच्या भोकांतून पेन्सिलीने खुणा केल्या. फळीच्या काठापासून निदान दोन बोटं आत आलो. खुणेवर खिळ्याच्या टोकाने हलकी टिचकी मारून खड्डा केला, नाहीतर बिट सागाच्या गुळगुळीत अंगावर घसरतो. आधी ३ मिलिमीटरचा बिट लावला. पेचकसावर आकड्यांचं कडं असेल तर ते सर्वांत मोठ्या आकड्यावर किंवा ड्रिलच्या खुणेवर ठेवावं, नाहीतर लाकडात जोर लागला की ते कटकट करून फिरणं सोडतं. बिट उजवीकडे फिरतो का ते पाहा. उलटा फिरणारा बिट नुसता घासतो, धूर काढतो, आणि माणूस म्हणतो बिट खराब आहे.

दाबू नका, हे मात्र मी तीनदा सांगेन. हळू फिरणाऱ्या मशीनला पाहून माणसाचा हात आपोआप जोर करतो, आणि ३ मिलिमीटरचा बिट तिथेच तुटतो. बिटाला त्याच्या धारेने खाऊ द्या. अर्धा इंच आत गेला की बाहेर काढून भुसा झाडा. सागात बारीक रेती असल्यासारखा अंश असतो, त्याने धार लवकर मरते. कुरकुरीत भुसा पडला तर बिट चांगला आहे. काळपट पीठ पडून जळका वास आला तर धार गेली. मशीनचा आवाज जड झाला तर लगेच बटण सोडा.

आता तो मघाचा लोहचुंबकाचा त्रास. भोक झालं, तुम्ही पेचकस मागे ओढला, आणि पेचकस हातात आला, अडॅप्टर बिटासकट फळीत राहिला. नवीन माणूस इथे वैतागून अडॅप्टर हलवून हलवून काढतो आणि बिट मोडतो. उपाय सोपा आहे. मशीन बंद करून ओढूच नका. बिट उजवीकडेच फिरता ठेवा आणि फिरता फिरता सरळ मागे घ्या. तरी अडकला तर एका हाताने चक धरून, मशीन बंद करून, सरळ ओढा.

३ मिलिमीटरचं भोक आरपार झालं की मग ६ चा बिट. तो अर्ध्यापर्यंत समोरून आणि अर्धा मागून चालवा. बारीक भोक दोन्हीकडून वाट दाखवतंच. असं केलं तर मागच्या बाजूची ढलपी निघत नाही. बोल्टचं डोकं बाहेरच्या अंगाला, नट आतल्या अंगाला, नटाखाली रुंद वॉशर, आणि नटावर आणखी एक नट. दार आपटून आपटून एकच नट ढिला होतो. चारही बोल्टना मला पाऊण तास लागला आणि मध्ये दोनदा मशीन सावलीत थंड करावी लागली.

बिजागरीला स्क्रू चालतात. तिथे किती बारीक बिट घ्यायचा, हे पुस्तकात पाहायची गरज नाही. स्क्रूच्या पुढे बिट उजेडात धरा. स्क्रूचा मधला दांडा बिटाआड लपला पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी आटे दिसले पाहिजेत. ८ नंबरच्या स्क्रूला सागात ३ मिलिमीटर बरोबर येतो. आट्यांना मधाच्या पोळ्याचं मेण लावा. साबण लावू नका, साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो.

बांबूचं काम मात्र वेगळं. २०११ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती आपला बांबू विकण्याचा अधिकार आला. तेव्हापासून बांबूची किंमत आपल्या लोकांना चांगली कळली आहे, पण बांबूला खिळा ठोकायची सवय काही गेली नाही. बांबूचे सगळे तंतू उभे असतात, खिळ्याने तो पेरभर चिरतो. मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, त्याला हा पेचकस चांगला चालतो. कटांग पोकळ असतो, त्याला दोन्ही भिंती एकदम पाडू नका. एका बाजूने एक भिंत, मग बांबू फिरवून दुसरी. वरची साल चकचकीत असते, तिथे चाकूने थोडी खरवडा, मग बिट लावा. भोक नेहमी अशा ठिकाणी घ्या, की भोक आणि बांबूचं टोक यांच्यामध्ये एक गाठ राहील. ती गाठ चीर अडवते. भोकाच्या दोन्ही बाजूंना तारेचे तीन-तीन वेढे दिले तर मांडव बराच काळ टिकतो. ज्यांना बांबूचं काम नीट शिकायचं आहे, त्यांच्यासाठी चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे.

लोखंडी पट्टीला भोक पाडायचं असेल तर बिट लोखंडाचा घ्या, खुणेवर पंच मारा, तेलाचा थेंब सोडा. पट्टी हातात धरू नका. बिट पलीकडे निघताना अडकतो आणि पट्टी पंख्यासारखी फिरते. लाकडावर शिकंज्यात आवळा किंवा दोन खिळ्यांत अडकवा. फळी धरतानाही डावा हात बिटाच्या समोर मागच्या बाजूला नको. गमछा, पदर, सैल बाही, मोकळे केस, हे सगळं आधी आवरून घ्या.

बॅटरी दिवसा, वीज असेल तेव्हा भरून ठेवावी. पत्र्याखाली किंवा ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवू नये, उष्णतेने ती लवकर मरते. आणि बिबट-रानडुकराच्या भीतीने कुंपणाच्या तारेत करंट सोडण्यापेक्षा दाराला चार बोल्ट लावा. करंट सोडणं गुन्हा तर आहेच, पण रात्री त्या तारेला हात आपल्याच घरच्या माणसाचा लागतो. एवढं करूनही जनावर गेलंच, तर मेलेलं जनावर हलवू नका आणि वनरक्षकाला लगेच कळवा.

मृग लागायच्या आत एकदा कोठ्याचं दार हलवून पाहा. कोयंड्याच्या खिळ्यांभोवती काळा डाग असेल तर तिथे पाणी शिरतं आहे, म्हणजे चीर आहे. ते खिळे काढा आणि कोयंडा चार बोटं वर किंवा खाली, कोऱ्या लाकडावर बसवा. काम झालं की बिट तेलाच्या चिंधीने पुसून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यात भरा आणि दोन्ही तोंडं बांधा. पावसाळाभर गंज चढत नाही.

रामराम.