दोनशेची पिशवी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेला विषय)



आज मी हप्त्यांवर आणि हिशोबाच्या वह्यांवर बोलणार नाही. आपण माल भरतो त्या पिशवीवर बोलणार आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

दिवाळीच्या आधी आपल्या एका गटाने ४० किलो शेंगदाणा चटणी केली. चवीला नाव ठेवायला जागा नव्हती. पिशव्या आणायला गटातल्या दोघी आणि मी तालुक्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "कितीची देऊ? शंभर, दीडशे, दोनशे?" मी ऐटीत सांगितलं, "जाड द्या, दोनशेची." माझ्या डोक्यात होतं दोनशे मायक्रॉन. पिशवी चकचकीत होती, स्वस्त होती. घेऊन आलो.

तीन आठवड्यांनी दुकानांतून फोन यायला लागले. पिशवी बाहेरून तेलकट, आत चटणी खवट. निम्मा माल परत आला. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता गटाला बचतीतून भरावा लागला. मला कुणी एक शब्द बोललं नाही, पण एक मावशी एवढंच म्हणाल्या, "पोरी, भाव विचारलास, तसं नाव पण विचारायचं होतंस." ते खरंच होतं. म्हणून ती नावं मी शिकून आले, ती तुम्हाला सांगते.

पहिला शब्द गेज. दुकानदार बोलत होता गेजमध्ये, मी ऐकत होते मायक्रॉनमध्ये. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आणि १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. म्हणजे माझी दोनशेची पिशवी होती फक्त ५० मायक्रॉनची! त्याने फसवलं नाही, मीच विचारलं नाही.

दुसरा शब्द एलडी. आपण घेतलेली पिशवी साध्या एलडीची, एकाच थराची होती. एलडी पाणी आणि ओल चांगली अडवते, पण हवा आणि तेल तिच्यातून हळूहळू जातं. म्हणजे दुप्पट जाड एलडी घेतली असती, तरी चटणी फार टिकली नसती. नुसती जाडी वाढवून भागत नाही, पिशवी कशाची आहे ते बघावं लागतं.

तिसरा शब्द लॅमिनेट. यात दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. बाहेरचा पॉलिस्टरचा थर हवा अडवतो, छपाई धरतो. आतला थर गरम झाला की वितळून चिकटतो, म्हणून सील बसतं. मधे चंदेरी थर असेल तर उजेडही आत जात नाही. तेलकट पदार्थ हवेने आणि उजेडाने खवट होतो, म्हणून चटणीला ही पिशवी. महाग पडते, पण परत आलेल्या चटणीपेक्षा स्वस्तच.

चौथा शब्द दाणा. तांदळाएवढे प्लास्टिकचे दाणे वितळवून, फुग्यासारखे फुगवून पिशवीची लांब नळी काढतात. नवीन दाणा म्हणजे व्हर्जिन. जुनं प्लास्टिक वितळवून केलेला तो रिप्रोसेस. काळपट, मळकट, वास मारणारी पिशवी खायच्या मालाला घ्यायची नाही. 'फूड ग्रेड' असं तोंडी सांगितलं तर बिलावर लिहून मागा. पॉलिथिनच्या पिशवीला त्यासाठी आयएस १०१४६ हे मानक आहे, तो आकडा वहीत लिहून ठेवा.

आता बरणी. तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ४ एलडीपीई, ५ पीपी. आपल्यातल्या कितीतरी जणींना वाटतं, १ म्हणजे पहिल्या नंबरचा माल. तसं नाही! तो आकडा फक्त जात सांगतो, प्रत नाही. पेटची बरणी काचेसारखी दिसते, पण फोडणीचं गरम लोणचं तिच्यात ओतलं तर आकसते. लोणचं गार करूनच भरा. पीपीला पेटपेक्षा जास्त उष्णता सोसते.

आणि सील? एका पिशवीत हवा भरा, सील मारा, पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडे आले तर मशीन कमी तापलंय. सीलची जागा आकसली, जळली तर जास्त तापलंय. रोज माल भरण्याआधी एक पिशवी अशी वाया घालवा.

तर ताईंनो, पुढच्या खरेदीला चार प्रश्न विचारायचे. कशाची आहे? आकडा गेजमध्ये की मायक्रॉनमध्ये? दाणा नवा का? बिलावर लिहून द्याल का? विचारताना लाजू नका. तो दुकानदार काही रागावत नाही, मी परत जाऊन बघितलंय.

त्या गटाने चटणी पुन्हा केली. या वेळी दहाच किलो, लॅमिनेटमध्ये. पाच पाकिटं महिनाभर घरातच ठेवली. महिन्याने सगळ्यांसमोर फोडली, चाखली, आणि मगच बाजारात पाठवली. पहिला घास त्यांनी मला दिला.

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने आपली एक रिकामी पिशवी घेऊन या. आपण मिळून ती ओळखू.