रेघोट्यांना मार्क नकोत



आत्ता या सभागृहात प्रत्येकाच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल दिली आणि पाच मिनिटांत निसर्गचित्र काढा म्हटलं, तर काय जमा होईल ते मी आधीच सांगतो. दोन-तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर कौलारू घर, शेजारी वाकलेला माड आणि वर आकाशात चार पक्षी. माणूस कोकणातला असो की सोलापूरचा, माड वाकलेलाच असणार. हा आपला शाळेतला देखावा. तो निसर्गात पाहून कोणी काढत नाही. दादाच्या वहीतून ताईच्या वहीत आणि तिथून धाकट्याच्या वहीत तो उतरत जातो.

मी चित्रकलेचा शिक्षक होतो, तेव्हा असले देखावे मी गठ्ठ्यांनी तपासले आहेत. पण ज्या मुलाच्या चित्रकलेच्या वहीत असा देखावा असतो, त्याच मुलाच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान कधी उघडून बघा. तिथे आठाच्या आकड्याला मिशा फुटलेल्या असतात. समासाच्या रेघेवर मुंग्यांची रांग चढत असते. एका कोपऱ्यात एकच गोल इतक्या वेळा गिरवलेला असतो की बॉलपेनने कागद फाटायला आलाय. तिथल्या एका चौकोनाला जाळी, जाळीला दार, दाराला कुलूप आणि कुलपाला डोळे असतात. हे कोणी शिकवलेलं नाही आणि कोणी मागितलेलंही नाही. सर समोर अपूर्णांक शिकवत असताना हे झालेलं आहे. मला विचाराल तर त्या मुलाचं खरं चित्र शेवटच्या पानावर आहे. आजचा माझा विषय तेच पान. इंग्रजीत त्याला डूडल म्हणतात, आपण रेघोट्या मारणं किंवा गिरगटणं म्हणतो.

सुरुवात कुठून होते ते बघू. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हातात खडू द्या. ते खांद्यापासून अख्खा हात फिरवतं आणि कागदाबाहेर फरशीवरही जातं. बऱ्याचदा त्याचं लक्ष कागदाकडे नसतंसुद्धा. काही महिन्यांनी त्याच्या लक्षात येतं की ही खूण आपल्या हातामुळे उमटते. मग हालचाल कोपरावर, पुढे मनगटावर येते आणि रेघ ताब्यात येते. आणि एक दिवस ते गुंतवळ्याकडे बोट दाखवून म्हणतं, "ही गाडी." व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ सालच्या आपल्या पुस्तकात या पायऱ्या मांडल्या. आधी गाडी ठरवली आणि मग काढली, असं इथे झालेलं नाही. आधी रेघ आली आणि रेघेत गाडी दिसली. हात पुढे आणि विचार त्याच्या मागून, ही रेघोट्यांची खरी रीत.

अमेरिकेत ऱ्होडा केलॉग नावाच्या बालशाळेतल्या बाईंनी मुलांची लाखो चित्रं जमवली आणि त्यांतून वीस मूळ रेघोट्या वेगळ्या काढल्या. ठिपका, उभी, आडवी, तिरकी, नागमोडी, गुंडाळी वगैरे. त्यांचं निरीक्षण असं की मूल या रेघोट्यांतून गोलाकडे येतं, गोलात फुली मारतं, गोलाबाहेर किरण काढतं, आणि त्याच किरणांतले दोन लांबले की माणसाचे पाय होतात. म्हणजे मुलाचा पहिला माणूस सूर्यातून निघतो. आपल्याकडे मूल इथवर येतं न येतं तोच आपण त्याचा हात धरून 'असं नाही, असं' करायला लागतो. छापील चित्रात रंग भरायची पुस्तकं आणून देतो आणि रंग रेषेबाहेर जाऊ नये म्हणून बजावतो. या पुस्तकांवर लोवेनफेल्डने तेव्हाच टीका केली होती. दुकानांत त्यांचा खप अजून जोरात आहे.

रेघोट्या म्हणजे पोरखेळ, असं कोणाला वाटत असेल, तर त्यांनी रवींद्रनाथांची हस्तलिखितं पाहावीत. कवितेत खाडाखोड तर सगळेच कवी करतात. रवींद्रनाथांना खोडलेले शब्द तसेच विद्रूप पडलेले बघवत नसत. ते एका खोडलेल्या शब्दाला दुसऱ्याशी जोडत, मधली जागा काळी करत, आणि पाहता पाहता ओळींच्या मधून चोच, नख, शेपूट, असा एखादा अनोळखी प्राणी बाहेर येई. १९२४च्या अखेरीस अर्जेंटिनात आजारपणामुळे त्यांचा मुक्काम लांबला. तिथे व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेने 'पूरबी'च्या कवितांच्या वहीतली ही खाडाखोड पाहिली आणि ती थक्क झाली. १९३० साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात तिचाच पुढाकार होता. नोबेल मिळून सतरा वर्षं झालेला, सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस चित्रकार म्हणून जगापुढे आला, तो खाडाखोडीच्या वाटेने.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, गोव्याचं. लोटलीच्या घरात एक लहान मुलगा भिंतींवर चित्रं काढत सुटला होता. आईने त्याला कोरी वही आणून दिली. तो त्या वहीला डायरी म्हणायचा. पुढे तो व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा झाला. त्याचं गाव, पाद्री, लग्नं, बाजार, शेजारणी, सगळं आधी या रोजच्या वह्यांमध्ये उतरलं. घरोघरी मिरांडा होणार नाहीत, हे मलाही कळतं. मला त्या आईचं कौतुक आहे. तिने भिंत वाचवली आणि मुलाचा हातही चालू ठेवला.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न. "सर, याने अभ्यासातलं लक्ष उडत नाही का?" इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांनी चाळीस जणांना अडीच मिनिटांचा एक कंटाळवाणा फोन-निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलने भरायला सांगितले. आकार भरणाऱ्यांना नंतर २९ टक्के जास्त तपशील आठवले. मात्र प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता आणि निरोप कंटाळवाणा होता. गणित सोडवताना रेघोट्या माराव्यात, असं त्यातून निघत नाही. पण हात चालू आहे म्हणजे कान बंद आहेत, असं समजून शेवटच्या पानावरून मुलाला वर्गाबाहेर उभं करण्याआधी थोडं थांबायला हरकत नाही.

घरी करण्यासारखा एक खेळ सांगतो. डोनाल्ड विनिकॉट हे लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. बावरलेलं, गप्प मूल समोर आलं की ते कागदावर डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ ओढत आणि मुलाला म्हणत, हिचं काहीतरी कर. मग मुलाने रेघ ओढायची आणि डॉक्टरांनी तिचं काहीतरी करायचं. मी हा खेळ वर्गात खेळलो आहे. फळ्यावर सुटलेल्या बुटाच्या नाडीसारखी एक रेघ ओढली. एक मुलगी फळ्याजवळ आली, मान तिरकी करून बघत राहिली आणि नाडीच्या एका टोकाला तिने फक्त एक ठिपका दिला. नाडीचा बगळा झाला, पाठ करून बसलेला. पाठोपाठ एका मुलाने त्याच बगळ्याला चाकं लावली. वर्ग हसला, बगळा रिक्षा झाला. यात चुकायला जागाच नसते. मूल मोकळं होतं ते म्हणूनच.

यासाठी महागडं साहित्य लागत नाही. पाठकोरे कागद, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, पाटी, अंगणातली फरशी चालेल. पथ्यं मात्र पाळा. खोडरबर उचलून ठेवा. मुलाबरोबर तुम्हीही बसा, पण त्याच्याहून चांगलं काढून दाखवायला जाऊ नका. कुकरची शिट्टी किंवा दारावरची थाप डोळे मिटून रेघेत काढून बघा, लहान मुलांना यात फार मजा येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "हे काय काढलंस?" असं विचारू नका. त्याला अजून माहीत नसतं. प्रश्न आला की ते तुम्हाला आवडेल असं उत्तर देतं आणि पुढच्या वेळी तेच काढतं. "ही रेघ किती लांब गेली गं!" एवढं पुरे.

शिक्षकांनाही एक सांगतो. उद्या वेळापत्रकात 'डूडलिंग' असा तास आला, स्पर्धा आली, ठरावीक नक्षीचे नमुने आले, तर समजा की दुसरा देखावा तयार झाला. वारलीचं आपण हेच केलंय. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या एका मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रात अख्खा कागद जिवंत होतो. आपण त्यातून दोन त्रिकोण आणि एक गोल उचलले आणि प्रकल्पवहीची कृती करून टाकली.

चित्रकलेच्या परीक्षा असू द्या. त्यांतून हात तयार होतो, ग्रेड मिळते, दहावीला गुणही वाढतात. परीक्षांशी माझं भांडण नाही. माझं मागणं एवढंच आहे की मुलाच्या आयुष्यात एक तरी कागद असा असावा, ज्याला मार्क नाहीत, शेरा नाही आणि बक्षीसही नाही.

उद्या घरातल्या मुलाला एक कोरी वही आणून द्या. तिच्यावर विषय घालू नका आणि त्याने स्वतःहून दाखवल्याशिवाय ती उघडू नका.