विस्मरणाचा आजार आणि आपली घरे
(विहाराच्या वर्धापनदिनी घनसावंगी येथे केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही, मिलमधला कामगार आहे. जे वाचलं आणि माझ्या मायच्या आजारपणात जे भोगलं, तेवढंच सांगतो.

माय पोटभर जेवायची आणि सुनेनं उपाशी ठेवलं म्हणून गल्लीत सांगत फिरायची. रात्रपाळी करून आलेला मी तिच्यावर ओरडायचो. लोक म्हणायचे, साठी बुद्धी नाठी. कोणी म्हणालं, बाहेरचं आहे. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून आम्ही हे ऐकून घेतलं, याची आजही लाज वाटते.

हा मेंदूचा आजार आहे, स्मृतिभ्रंश. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. बहुतेकांचा बरा होत नाही. पण बी-१२ कमी पडलं, थायरॉईड बिघडलं, मन उदास झालं तरी विसर पडतो, आणि त्यावर इलाज आहे. म्हणून आधी तपासणी.

आशाताईच्या फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरतात का? चारचौघांत शोभा नको म्हणून आपण "नाही" सांगतो. मीही सांगितलं, आणि तिथंच सगळं अडलं. "होय" सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, लागलं तर तिथून जालन्याला जिल्हा रुग्णालयात चिठ्ठी घ्या. फोनवर विचारायचं तर टेली-मानस आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत.

आणि सांभाळणारीचं काय? ती बहुधा सूनच असते. डॉक्टरांपुढे गेलात की तिची झोप, तिचा बीपी, हेही सांगा. माझ्या बायकोचं मी कधी सांगितलं नाही.

विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकिकत आहे. त्याचं चित्त भ्रमलं होतं. उपोसथ कधी आठवे, कधी नाही. कधी येई, कधी नाही. तथागतांनी त्याला दोष दिला नाही. संघाने त्याच्यासाठी रीतसर ठराव करावा, असं सांगितलं. तो आला तरी, न आला तरी संघाचं काम अडू नये.

माझी बायको दोन वर्षं वंदनेला आली नव्हती. शेवटी शेजारची एक उपासिका म्हणाली, "वहिनी, मी बसते आजीजवळ, तुम्ही जाऊन या." तेव्हा ती आली. आज माय नाही, पण अशी घरं आपल्या वस्तीत आहेत. ज्यांना रविवारी तासभर कुणाकडे बसता येईल, त्यांनी भोजनदानाआधी माझ्याकडे नाव लिहून द्यावं.

जयभीम! नमो बुद्धाय!