कीर्तनात फाइंड अँड रिप्लेस चालत नाही

आजच्या भागात पाहुणं कोणी नाही. मी एकटीच बोलणार आहे आणि अधूनमधून गाणारही आहे. ब्लॉगवर वाचणाऱ्यांना गाण्याच्या जागी कंसात नुसतं 'झांज' असं दिसेल. ऐकायचं असेल तर इअरफोन लावा.

नव्या श्रोत्यांसाठी थोडं माझ्याबद्दल. मी बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, पेमेंटच्या बॅकएंडवर. राहते नायगावात, दादर पूर्वेला. वसईजवळचं नायगाव नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. त्यात मी ख्रिस्ती म्हटल्यावर लोक वसईच धरून चालतात. आमचं घराणं नगरकडचं, मराठी प्रोटेस्टंट. आजोबा गिरणीत कामाला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले.

तर अडीच वर्षं झाली, दर शनिवारी सकाळी मी टिळक ब्रिज ओलांडून दादर पश्चिमेला एका बुवांकडे नारदीय कीर्तन शिकायला जाते. (ब्रिज लोकमान्यांच्या नावाचा. आज ज्या टिळकांबद्दल बोलणार आहे ते दुसरे.) दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्था आहे, तिथं कीर्तन रीतसर शिकवतात. माझं ऑनकॉलचं वेळापत्रक जुळेना, म्हणून घरी शिकवणारे बुवा शोधले. ते पक्के विठ्ठलभक्त. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, मी ख्रिस्ती आहे, आणि मला चर्चमध्ये कीर्तन करायचंय. ते म्हणाले, "आधी झांज नीट धर. चर्चचं पुढं बघू."

[झांज]

दोन्ही बाजूंनी प्रश्न येतात. ऑफिसातले विचारतात, ख्रिस्ती आणि कीर्तन? आमच्या मंडळीतले विचारतात, आपल्याकडे गिटार आहे, कीबोर्ड आहे, मग हे कशाला? आजचा भाग म्हणजे या दोघांना एकदाच दिलेलं उत्तर समजा.

कीर्तन म्हटलं की बहुतेकांना रील्समधले विनोदी महाराज आठवतात. नारदीय कीर्तन जरा वेगळं. पूर्वरंगात एक अभंग किंवा पद घेऊन त्याचं निरूपण करायचं. मध्यंतरात नामाचा गजर होतो, कीर्तनकाराला बुक्का लावतात, हार घालतात. मग उत्तररंगात तेच तत्त्व धरून आख्यान लावायचं, म्हणजे गोष्ट. वारकरी कीर्तनासारखे मागे टाळकरी नसतात. पेटी, तबला आणि उभे तुम्ही. गोष्ट पुढं न्यायला ओवी, साकी, दिंडी, आर्या, कटाव अशी हत्यारं असतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी. कटाव म्हणजे तर शब्दांची मालगाडी, डबे एकाला एक जोडलेले, मध्ये श्वास घ्यायला स्टेशनच नाही. हे सगळं दोन-दोन तास उभ्यानं. पहिले चार महिने माझे पायच दुखत होते.

आमच्या यूथ ग्रुपमधल्या एका मित्राने सुचवलं, "एवढं शिकतेस कशाला? तयार कीर्तन घे, जिथं विठ्ठल आहे तिथं येशू टाक. फाइंड अँड रिप्लेस." तो टेस्टर आहे, त्यामुळे त्याला म्हटलं, चल, टेस्ट करून बघू. पहिल्यांदा मीटर मोडलं, ते ठीक, मात्रा भरून काढता येतात. पण विठ्ठल विटेवर उभा आहे. पुंडलिकाने वीट फेकली आणि थांब म्हणाला, म्हणून देव थांबला, तो अजून उभाच आहे. विठ्ठलाच्या कीर्तनातली सगळी माया त्या उभं राहण्यात आहे. आता लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. तिथं मुलगा अजून दूर आहे आणि बाप धावत सुटतो. म्हातारा माणूस, सगळ्या गावासमोर धावतो. एक देव थांबतो, दुसरा धावतो. नावांची अदलाबदल केलीत तर दोन्ही गोष्टी खोट्या पडतात. विठ्ठलाचीही फसवणूक आणि येशूचीही.

म्हणून शिकावं लागतं. आणि हे माझ्या आधी चारशे वर्षं एकाला कळलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडलं १६१६ मध्ये. मध्ये सदतीस वर्षं गेली! या माणसाने कोकणीचं व्याकरण लिहिलं, मराठी पुराणांची ओवी आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा सांगितली. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्या जागी त्यांना ऐकायला काही हवं होतं. उपदेशाची पुस्तकं ती जागा भरत नव्हती, त्यांना पुराणच हवं होतं. पुढं १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. सुरुवातीच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज शिल्लक नाही. तरी हस्तलिखितं उरली, आणि १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी ते उतरवून घेतलं, जपलं. बॅकअप असाही असतो.

आता ते दुसरे टिळक. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, कोकणातल्या चित्पावन घरातले, कवी. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या 'उपासना संगीत'मध्ये त्यांची गाणी भरलेली आहेत, त्यांच्या अभंगांचं 'अभंगांजली' हे पुस्तक आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणायचे. ओवीत 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं, पण १९१९ मध्ये ते गेले तेव्हा सुरुवातीचेच अध्याय झाले होते. बाकीचं बहुतेक सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई, ज्या लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. मला कोणी 'तुला जमेल का' विचारलं की मी मनातल्या मनात त्यांचं नाव घेते.

टिळकांच्या आधीही नगरला ख्रिस्ती कीर्तन होतं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव त्यात पहिल्यांदा घेतात. एकोणिसाव्या शतकात नगरच्या खेड्यांतून येशूच्या चरित्राची आख्यानं लागत होती.

इथं मला जरा थांबायचंय.

टिळकांसाठी कीर्तन हे घरचं होतं. माझ्यासाठी नाही. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनकडे जे लोक आले त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग समाजातले. माझे पूर्वज त्यांतलेच. त्यांच्या गावात कीर्तन होत होतं, पण देवळात. यांनी ऐकायचं ते बाहेरून, लांबून, वाऱ्यावर येईल तेवढं. चोखोबांचे अभंग कीर्तनकार आत गाणार आणि चोखोबांच्या जातीचे लोक बाहेर. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं झालं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केल्यानंतर. त्याच्या कितीतरी आधी, मिशनच्या आवारात सतरंजीवर, अगदी पुढच्या रांगेत बसून आमच्या लोकांनी कीर्तन ऐकलं होतं. म्हणून 'हे त्यांचं आहे, आपलं नाही' असं कोणी म्हणालं की माझ्या पोटात काहीतरी ढवळतं. आपलं नव्हतं, कारण येऊ दिलं नव्हतं. पण याचाच दुसरा अर्थ असा, की ज्यांनी ते पिढ्यानपिढ्या सांभाळलं त्यांच्याकडे जाऊन, जमिनीवर बसून शिकल्याशिवाय ते मला 'माझं' म्हणता येणार नाही. हे दोन्ही मला एकाच वेळी खरं वाटतं. यातून सोपी वाट निघत असेल तर मला मेसेज करा.

आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या काकांचा आक्षेप मात्र वेगळा होता. त्यांनी चांगला अभ्यास करून प्रश्न काढला होता: "कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी मानतात. तू तिच्यावर उभी राहणार?" प्रश्न खरा आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कीर्तनाची सुरुवात नमनाने होते आणि नमन कुणाला तरी असतं. मी ते बुवांपुढे ठेवलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, सगळे देव एकच, कर काहीही. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "खोटं नमन करायचं नाही. तोंडाने गणपती आणि मनात दुसरंच, असं माझ्याकडे चालणार नाही. तुझ्या देवाला नमन लिहून आण. पण वृत्तात लिही, आणि उभी राहशील ती सरळ उभी राहा." मी तीन आठवडे बसून पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला नमन लिहिलं. त्यांनी दोन ठिकाणी मात्रा सुधारून दिल्या. एका विठ्ठलभक्ताने त्रैक्याच्या मात्रा मोजल्या. मला ते प्रार्थनेपेक्षा कमी वाटलं नाही.

काकांना मी तेच सांगितलं आणि गोव्याच्या अँजेलो दा फोन्सेका यांची चित्रं फोनवर दाखवली. १९०२ चा जन्म, मुंबईचं जे. जे. सोडून ते शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. त्यांची मरिया साडी नेसते. गोव्यात त्यावर टीका झाली आणि ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले, रंगवत राहिले. काका बराच वेळ एक चित्र मोठं करून बघत होते. पटलं असं म्हणाले नाहीत. पण कीर्तनाला आले.

ते झालं गेल्या उपवासकाळात, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये. पूर्वरंगाला टिळकांचा एक अभंग, उत्तररंगाला उधळा पुत्र. पेटीवर मंडळीतला एक मुलगा, तबल्याला बुवांचा जुना विद्यार्थी. मध्यंतरात बुक्का नव्हता, हारही नव्हता. सगळ्यांनी मिळून भजन म्हटलं. बाप धावतो ती जागा मी कटावात बांधली होती: पायातल्या वहाणा, सुटलेलं धोतर, बघणारे शेजारी, धूळ. तिथं तबला चढला आणि हॉलमध्ये कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला.

आमच्या चाळीतल्या एक आजी आल्या होत्या. रोज संध्याकाळी गॅलरीत माझा रियाज ऐकायच्या, म्हणून बोलावलं होतं. त्या बौद्ध. आमच्याकडे बी.डी.डी. चाळींत जयंतीला भीमगीतं चालतात, गाण्याचा कान त्यांना पक्का आहे. कीर्तन संपल्यावर म्हणाल्या, "गोष्ट चांगली हाय. पण त्या मोठ्या भावाचं काय झालं गं? तो बाहेरच उभा हाय की अजून."

दाखल्यात मोठा भाऊ रागावून बाहेर उभा राहतो, आत जात नाही, आणि बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. गोष्ट तिथंच थांबते. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. मी आख्यान धाकट्याच्या मेजवानीवर संपवलं होतं, कीर्तनात तसा गोड शेवट लागतो म्हणून. आजींनी मात्र बाहेर उभ्या असलेल्या माणसाबद्दल विचारलं. आमच्या दोघींच्याही पणज्या देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या.

आता पुढचं आख्यान त्या मोठ्या भावाचं करतेय. बुवा म्हणतात, त्याच्या रागाला साकी चालणार नाही, आर्या घे. बापाचं बाहेर येणं दिंडीत बसतंय असं मला वाटतं, त्यांना वाटत नाही, शनिवारी त्यावर वाद आहे. बापाच्या तोंडचं पहिलं कडवं तयार आहे, तेवढं ऐकवते.

[झांज]