हिवतापाच्या परजीवीची साठ जनुके

बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाची गोष्ट. संस्थानातल्याच सिकंदराबादला 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. डासामुळे हिवताप होतो, हे आज ऊसतोडीला जाऊन फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या आपल्या हजारो कुटुंबांनाही ठाऊक आहे. पण रक्तात शिरलेला हिवतापाचा परजीवी, प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम, प्रतिकारशक्तीला महिनोन्‌महिने चुकवतो कसा?

त्याचा संपूर्ण डीएनए 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. 14 गुणसूत्रे, सुमारे 2 कोटी 30 लाख अक्षरे. त्यांतली तब्बल 80 टक्के फक्त ए आणि टी! त्यात ‘व्हार’ नावाची सुमारे 60 जनुके आहेत. प्रत्येक जनुकाचे प्रथिन वेगळे. ते परजीवी शिरलेल्या लाल पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि शरीर त्यावरच हल्ला चढवते.

विलक्षण बाब ही, की एक परजीवी सहसा एका वेळी यातले एकच जनुक वाचतो. रिळावर दोरा गुंडाळावा तसा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. ही रचना म्हणजे क्रोमॅटिन. बंद जनुकांभोवती ती घट्ट असते, आणि एचपी-1 नावाचे प्रथिन ती तशीच टिकवते. जनुकाच्या मधला इन्ट्रॉन नावाचा तुकडाही त्याला बंद ठेवायला हातभार लावतो. चालू जनुकाभोवतीची रचना मात्र सैल असते.

शरीर एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, तोवर काही परजीवींमध्ये दुसरेच जनुक उघडलेले असते. डीएनएची अक्षरे तीच, बदलते ती गुंडाळणी.